पलंग, कपाट आणि साडेतीन फूट

वन बीएचकेमध्ये स्वतःचं ऑफिस थाटायचं, तेही बेडरूममध्ये? जागा काय, टेपने मोजता येते हो... पण ती मागायची कशी?

'तुझं ऑफिस कुठे आहे गं?' असं कुणी विचारलं की मी बिनधास्त सांगायचे, 'ऐरोली!' तसं ते अर्धं खरं होतं. आठवड्यातले दोन दिवस मी खरंच डोंबिवलीहून ठाण्याला आणि तिथून ट्रान्स-हार्बर पकडून ऐरोलीला जाते. उरलेले तीन दिवस मात्र माझं ऑफिस होतं एका उशीवर. पलंगावर मांडी घालायची, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप आणि पाठीशी भिंत. झालं ऑफिस!

हे सगळं सुरू झालं अर्थातच मार्च २०२० मध्ये. लॉकडाऊन लागला, आमच्या वन बीएचकेमध्ये दोघांचे दोन लॅपटॉप एकदम घरी आले आणि पहिल्याच दिवशी नवरोबांनी हॉलमधल्या डायनिंग टेबलवर झेंडा रोवला. 'माझे क्लायंट कॉल असतात ना!' मी म्हटलं, चला, दोन-तीन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. मी आपली बेडरूममध्ये गेले. दोन-तीन आठवड्यांची चार वर्षं कशी झाली, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. लॉकडाऊन गेला, ऑफिसनं 'हायब्रिड' नावाचा नवा फंडा काढला, लेक शाळेत जायला लागली. आम्ही मात्र डायनिंग टेबल असूनही जमिनीवर बसून जेवत होतो आणि मी उशीवर महिन्याचे रिपोर्ट बनवत होते.

आणि मग फेब्रुवारी २०२४ मधल्या एका मंगळवारी मीटिंग संपवून उठायला गेले, तर कंबरेत अशी काही कळ आली की मी अर्धी उठलेली तशीच थांबले. पुढेही नाही, मागेही नाही. लेकीला वाटलं आई स्टॅच्यू खेळतेय!

फिजिओथेरपिस्ट माझ्याच वयाची होती. तिने पहिला प्रश्न विचारला, 'कामाची खुर्ची कशी आहे तुमची?'

'खुर्ची नाहीये. पलंग आहे.'

ती हसली नाही. तिने फक्त लिहून घेतलं. मग तिने लॅपटॉपची मूळ गोची समजावून सांगितली. त्याचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले असतात. कीबोर्ड हाताच्या उंचीवर घेतला की मान खाली जाते आणि स्क्रीन डोळ्यांसमोर आणला की खांदे वर चढतात. दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत. त्यात पलंगावर बसलं की गादी दबते, कंबर मागे ढकलली जाते आणि पाठीचा नैसर्गिक बाक सरळ होऊन जातो. 'व्यायाम देते,' ती म्हणाली, 'पण तुम्ही परत जाऊन त्याच उशीवर बसणार असाल, तर दर महिन्याला भेटत राहू आपण.'

नको बाई! मी येतायेता स्टेशनजवळच्या दुकानातून एक मोजायची टेप घेतली.

दहा बाय अकराचं जग

आमची बेडरूम दहा बाय अकरा. लेकीच्या गणिताच्या वहीतलं चौकटीचं पान फाडलं, एक चौकट म्हणजे सहा इंच असं धरलं आणि सगळं सामान कागदावर मांडलं. पलंग पाच बाय साडेसहा. एका भिंतीला लग्नात घेतलेला वॉर्डरोब. दारामागे नवरोबांची व्यायामाची सायकल, जिच्यावर २०२१ पासून फक्त टॉवेल व्यायाम करतात. आणि खिडकीशेजारच्या कोपऱ्यात सासूबाईंचं लोखंडी कपाट. तीन फूट रुंद, साडेसहा फूट उंच, हिरवट राखाडी रंगाचं, दाराला लांबट आरसा. गिरगावच्या चाळीतून १९९१ मध्ये टेम्पोत बसून डोंबिवलीला आलेलं.

कागदावर चित्र एकदम स्पष्ट होतं. घरात टेबल मावेल अशी एकच जागा, जिथे उजेड आहे, प्लग आहे, आणि जिथून दार लावून घेता येईल. तो खिडकीचा कोपरा. कपाटाचे तीन फूट आणि बाजूची सहा इंचाची फट. साडेतीन फूट!

रात्री मी तो कागद नवऱ्यापुढे ठेवला. मला वाटलं होतं, तो सायकलवरून भांडेल. तो भांडला कपाटावरून.

'कपाटाला हात लावायचा नाही. बाबांनी घेतलंय ते. आईला काय वाटेल?'

'अरे, मी ते भंगारात द्या म्हणत नाहीये. सायकलच्या जागी सरकवूया इतकंच.'

'पण गरज काय? तुझं तर लॅपटॉपवरचं काम. कुठेही बसू शकतेस तू.'

'आणि तुझं काम काय, लेथ मशीनवर आहे?'

'माझे क्लायंट कॉल असतात.'

'मग माझे काय भोंडल्याचे असतात?'

इथे संवाद संपला आणि अबोला सुरू झाला. चांगला आठवडाभर. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर अबोलासुद्धा फार व्यवस्थित पाळला जातो बरं का! 'चहा ठेवलाय' आणि 'गॅस बंद कर' एवढंच बोलायचं. पण आत कुठेतरी मला खरोखर लागलं होतं. कपाटाचं नाही, 'कुठेही बसू शकतेस' या वाक्याचं. आमचे पगार जवळपास सारखे आहेत. घराचा ईएमआय आम्ही निम्मा निम्मा भरतो. तरी त्याच्या कामाला टेबल लागतं आणि माझं काम कुठेही होतं, हे ठरवलं कुणी? खरं सांगू? कुणीच ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी मीच उठून आत गेले होते.

पापड कुठे वाळवणार?

त्या आठवड्यातल्या एका दुपारी माझी मीटिंग चालू होती. लेक हॉलमध्ये कार्टून बघत होती, कुकरने नेमकी तेव्हाच शिट्टी दिली आणि सासूबाई घडी केलेले कपडे ठेवायला आत आल्या. कॅमेऱ्यात माझ्या मागून एक सुती साडी शांतपणे इकडून तिकडे गेली. पलीकडे कुणीतरी हसलं. मी मीटिंग संपल्यावर लॅपटॉप जरा जोरातच बंद केला.

सासूबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. एकाहत्तर वर्षांच्या आहेत, कमी बोलतात. म्हणाल्या, 'तो कागद बघितला मी. फ्रिजवर ठेवला होतास ना?'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'आई, तसं काही नाही हो, मी आपलं...'

'मी पापड लाटायचे ते माहितेय ना तुला?'

माहीत होतं, पण वरवर. लग्नानंतर त्यांनी गिरगावात बरीच वर्षं लिज्जतचे पापड लाटले, एवढंच. लिज्जतची सुरुवातही गिरगावातलीच. १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी उसने घेतलेले ८० रुपये घालून इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. नंतर काम वाढलं तशी पद्धत बसली. बायकांनी केंद्रातून मळलेलं पीठ घरी न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, आणि दुसऱ्या दिवशी पापड देऊन पैसे आणि नवं पीठ घ्यायचं. आता सांगा, वर्क फ्रॉम होम म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

'कामाला लागायच्या आधी घर बघायला आल्या होत्या,' सासूबाई सांगत होत्या. 'पहिलंच विचारलं, पापड कुठे वाळवणार? दहा बाय बाराची खोली, आम्ही सहा माणसं. मी गॅलरी दाखवली. आमच्या दारासमोरचा तुकडा, तिथेच तेवढं ऊन यायचं. पण तिथे तुझ्या आजेसासऱ्यांची आरामखुर्ची असायची. सकाळी पेपर, मग पेंग, मग चहा.'

'मग हलवली का खुर्ची?'

'कोण हलवणार? त्यांना पाय वर घ्या म्हणायची माझी हिंमत नव्हती. ते उठायची वाट बघायची. उठले की झटपट पापड पसरायचे, परत आले की गोळा करायचे. दहा वर्षं केलं तसं. कुणी नको म्हणालं नाही मला. पण कुणी खुर्चीही हलवली नाही.'

त्या जरा थांबल्या. मग कपाटाकडे बघून म्हणाल्या, 'आणि हे कपाट त्याच्या बाबांनी घेतलेलं नाही. १९८१ साली घेतलं, हप्त्यावर. त्यातले सगळे हप्ते पापडाच्या पैशातून गेलेत. किंमत आठवत नाही आता, हप्ते आठवतात. दुकानात सही ह्यांची झाली, म्हणून सगळे ह्यांनी घेतलं म्हणतात. मीही कधी बोलले नाही.'

मी काय बोलणार होते?

'हलव ते कपाट,' त्या उठता उठता म्हणाल्या. 'आणि दार लावून बसत जा. मला दार नव्हतं.'

रात्री त्यांनी हेच सगळं मुलाला सांगितलं, माझ्या देखत, दोनच वाक्यांत. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'मला माहीतच नव्हतं गं आई.' शनिवारी सकाळी मी उठायच्या आधी त्याने सायकल उचलून खाली वॉचमनच्या केबिनजवळ नेऊन ठेवली होती. अबोला संपला. सॉरी वगैरे काही नाही, पण टॉवेल वाळत घालायला नवी दोरी बांधलेली दिसली!

वायफाय, सुतार आणि एक जुना पाट

कपाट रिकामं करायला अख्खा रविवार गेला आणि सरकवायला दहा मिनिटं. खाली गोणपाट घातलं की लोखंडी कपाटसुद्धा ऐकतं. ते आता दारामागच्या भिंतीला आहे. दार पूर्ण उघडत नाही, पण माणूस आरामात आत जातो.

आणि एक बोनस मिळाला. आमचा राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या वर. त्याच्या आणि माझ्या मध्ये एक भिंत होती आणि बरोबर त्या रेषेत हे कपाट. वायफायच्या लहरी विटांच्या भिंतीतून कशाबशा पार होतात, पण लोखंडाचा पत्रा त्यांना परत पाठवतो. चार वर्षं माझा आवाज मीटिंगमध्ये का तुटायचा, त्याचं उत्तर हे होतं! कपाट सरकलं आणि नेट सुधारलं. तुमच्याही कोपऱ्यात सिग्नल लंगडत असेल तर नवा राउटर घ्यायच्या आधी मध्ये काय उभं आहे ते बघा. आणि राउटरवर २.४ आणि ५ असे दोन पर्याय दिसत असतील, तर लांबच्या खोलीत २.४ जास्त टिकतो. ५ वेगवान असतो, पण भिंती पाहून दमतो.

टेबलसाठी आधी उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमध्ये चक्कर मारली. सुंदर टेबलं होती, पण सगळी चार फुटांची आणि तीस इंच उंच. माझी उंची पाच फूट एक इंच. तीस इंची टेबलावर टाइप करताना माझे खांदे कानाला लागतात! मग आमच्याच सोसायटीत काम करणाऱ्या सुतारांना बोलावलं. मूळचे कोकणातले, मोजून मापून बोलणारे. त्यांनी कोपरा बघितला, मला खुर्चीवर बसवलं, हात काटकोनात वाकवायला लावले आणि कोपराखाली भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. 'वहिनी, टेबल माणसाला बसायला पायजे. माणूस टेबलाला नाय.' बस, एवढंच एर्गोनॉमिक्स!

रेघ सव्वीस इंचांवर आली. नवऱ्याचे गुडघेही आत मावायला हवेत म्हणून तडजोड सत्तावीस इंचांवर झाली. एकोणीस एमएमचा प्लाय, वर फिकट सनमायका, बेचाळीस इंच लांब आणि वीस इंच खोल. भिंतीत ब्रॅकेट ठोकून बसवला, पाय नाहीतच. त्यामुळे खाली झाडू-पोछा मोकळा. 'घडी होणारे ब्रॅकेट लावू का?' असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, छे, कशाला? (हे वाक्य लक्षात ठेवा.) भिंत आणि टेबल यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची फट मात्र त्यांनी आग्रहाने ठेवली. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, चिकटवलेला प्लाय फुगतो. त्या फटीतून आता वायर खाली जातात, तो आणखी एक फायदा.

लॅपटॉपची गोची सोडवायला एक स्टँड आणि वेगळे कीबोर्ड-माउस घेतले. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर एक हातभर. खुर्चीवर मात्र कंजुषी केली नाही. एकूण जेवढे पैसे गेले त्यातले निम्म्याहून जास्त खुर्चीचे आहेत आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. खुर्ची योग्य उंचीवर आली तर पाय लोंबायला लागले, तेव्हा माळ्यावरचा एक जुना लाकडी पाट काढून पायाखाली ठेवला. फूटरेस्ट तयार!

खिडकी डाव्या हाताला ठेवली. समोर असती तर डोळ्यांवर उजेड, मागे असती तर स्क्रीनवर चमक आणि मीटिंगमध्ये माझा चेहरा काळाकुट्ट. बाजूचा उजेड सगळ्यात शहाणा. डोळ्यांच्या डॉक्टरांचा तो वीस-वीस-वीसचा नियम ऐकलाय ना? दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं. आता अकरा फुटांच्या खोलीत वीस फूट आणायचे कुठून? म्हणून खिडकी. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरचं निळं पिंप हा माझा वीस-वीस-वीस.

राहता राहिला प्लग. एका साध्या प्लगवर एक्स्टेन्शन, त्यावर दुसरं एक्स्टेन्शन, अशी माळ लावू नका. आम्ही वायरमन बोलावून कोपऱ्यात दोन पॉइंट वाढवून घेतले. राउटरला छोटा यूपीएस जोडला, म्हणजे लाइट गेली तरी मीटिंग जात नाही. आणि बेडरूमचं एक गुपित सांगू? घरातला सगळ्यात चांगला आवाज इथेच येतो. गादी, उशा, पडदे, कपडे सगळे मिळून आवाज घुमू देत नाहीत. कुकर अजूनही शिट्टी देतो, पण आता मध्ये दार आहे.

कोपरा पसरायला लागला

आता इथे लेख संपायला हवा होता ना? नवा कोपरा, सरळ पाठ, हॅपी एंडिंग. पण थांबा.

पहिले दोन महिने मी जाम खूश होते. इतकी की मी तिथून उठेनाच. उशीवर काम करताना पाठ दुखायची म्हणून तरी मी सात वाजता लॅपटॉप मिटत होते. आता काहीच दुखत नव्हतं! जेवण झालं की 'एकच मेल' करायला बसायचे आणि अकरा वाजायचे. नवरा पलंगावर कूस बदलायचा, डोळ्यांवर हात घ्यायचा. मी स्क्रीनचा उजेड कमी करायचे, पण टाइप करण्याचा आवाज कसा कमी करणार? लाइट बंद करून पडले तरी अंधारात चार्जरचा तो हिरवा ठिपका माझ्याकडे बघत असायचा. झोप लागेना. पहाटे चारला जाग आली तर हात आधी लॅपटॉपकडे. झोपेचे डॉक्टर सांगतात की बिछाना फक्त झोपेसाठी ठेवा, म्हणजे बिछाना बघितला की शरीराला झोप आठवते. माझ्या शरीराला बिछाना बघितला की पेंडिंग काम आठवत होतं, कारण दोन्हींमध्ये दोन फूटच अंतर होतं.

एके रात्री नवरा उठून उशी घेऊन हॉलमध्ये गेला. चिडून नाही. 'तू कर काम, मला उद्या सातची गाडी आहे,' एवढंच म्हणाला. पण दारातून जाताना त्याच्या हातातली ती उशी बघितली आणि मला चर्रर झालं. ती माझीच जुनी ऑफिसवाली उशी होती. चार वर्षांपूर्वी मी टेबल सोडून आत आले होते. आता तो पलंग सोडून बाहेर चालला होता. कोपरा मला मिळाला होता खरा, पण बेडरूम आमच्या दोघांची राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना सहज विचारलं, 'आई, तुम्ही पापड लाटणं थांबवायचा कधी हो?'

'दिवेलागणीला. पोळपाट पुसायचा आणि भिंतीला उभा करून ठेवायचा. मग पोरं तिथेच अभ्यासाला बसायची, रात्री तिथेच अंथरुणं पडायची. जागा तेवढीच ना!'

'आणि पीठ उरलं असेल तर?'

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी नवशिक्या मुलीकडे टाकतात. 'उरेल एवढं पीठ घ्यायचंच कशाला?'

हे वाक्य कुठल्याही टाइम मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये मला कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसात मी समोरून येईल तेवढं पीठ घेत होते. 'हो, करते,' 'पाठवते रात्री,' 'नो प्रॉब्लेम.' पुढच्या सोमवारी मी पहिल्यांदा बॉसला म्हणाले, 'हे आज होणार नाही, उद्या बारापर्यंत देते.' आवाज थोडा थरथरला, पण आभाळ काही कोसळलं नाही. बॉस म्हणाले, 'ओके.' एवढंच! चार वर्षं मी ज्या 'ओके'ला घाबरत होते, तो इतका साधा होता.

आणि मग मी सुतारांना परत फोन केला. 'ते घडी होणारे ब्रॅकेट...' ते हसले. 'वहिनी, मी तेव्हाच बोललो व्हतो.'

सात वाजता टेबल उभं

आता संध्याकाळी सात वाजता लॅपटॉप बंद होतो, स्टँड आणि कीबोर्ड यांच्यासोबत सासूबाईंच्या कपाटात खालच्या कप्प्यात जातो (तो कप्पा त्यांनी स्वतः रिकामा करून दिलाय), आणि टेबल खटकन भिंतीला उभं राहतं. मोकळ्या झालेल्या जागेत लेक दोरीच्या उड्या मारते. खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार येते, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे! रात्री त्या कोपऱ्यात एक छोटा पिवळा दिवा लागतो. दिवसा कामासाठी पांढरा, रात्री पिवळा, एवढा साधा बदलसुद्धा डोक्याला सांगतो की शिफ्ट संपली.

रोज जमतं का? छे हो. क्वार्टर संपताना दोन-तीन रात्री टेबल उघडं राहतंच. पण तेव्हा मी नऊनंतर लॅपटॉप उचलून हॉलमधल्या डायनिंग टेबलवर जाते. हो, ते टेबल आता पुन्हा डायनिंग टेबल आहे. नवरोबांचे कॉल एका टोकाला चालतात, पण जेवायच्या वेळी पसारा उचलायची जबाबदारी त्यांची. मी ऐरोलीला जाते त्या दोन दिवशी तो माझ्या कोपऱ्यात बसतो. आदल्या रात्री विचारतो, 'उद्या बसू का गं तुझ्याकडे?' मी 'बघते' म्हणते आणि दोघं हसतो. पण तो विचारतो, याची गंमत मला अजून संपलेली नाही.

तर मंडळी, तुम्हीही असा कोपरा करायच्या विचारात असाल, तर खुर्ची चांगली घ्या, टेबल स्वतःच्या कोपरापासून मोजा, खिडकी बाजूला ठेवा. पण टेप काढायच्या आधी घरातल्या सगळ्यांशी बोला, मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने. 'मला काम करायला जागा हवी आहे' हे वाक्य मला म्हणायला चार वर्षं लागली. सासूबाईंना चाळीस.

परवा ऐरोलीहून आले, तर टेबल उघडंच होतं. त्यावर त्यांचा चष्मा, विजेचं बिल, पासबुक आणि हिशेबाची वही. त्या खुर्चीत टेकून, पाटावर पाय ठेवून आकडेमोड करत होत्या. मला बघून उठायला लागल्या.

'बसा हो आई,' मी म्हटलं, 'सात वाजायला अजून वेळ आहे.'